चार हजारांत रिफर्बिश्ड आयपॉड: घ्यावा की नको?

प्रश्न असा आहे: "जांबोटीजवळच्या गावात राहतो, भजनी मंडळात पेटी वाजवतो. अभंग, कीर्तनं आणि तालमीचं रेकॉर्डिंग ऐकायला वेगळं यंत्र हवंय. गावात रेंज नसते, आणि बेळगावला आलं की फोन सारखा वाजत राहतो. ऑनलाइन 'ए ग्रेड रिफर्बिश्ड' आयपॉड क्लासिक दिसतात. बजेट चार हजार. यात पैसे वाचतील का, आणि कुठला घेऊ?"

आयपॉड म्हणजे ॲपल कंपनीचा गाणी ऐकायचा खिशातला प्लेअर, आणि रिफर्बिश्ड म्हणजे जुना, दुरुस्त करून परत विकायला काढलेला. एवढं धरून आधी सरळ उत्तर. पैसे वाचतात, खरं एका अटीवर: त्या यंत्राची बॅटरी आणि साठवण, म्हणजे आतली हार्ड डिस्क किंवा मेमरी, बदलता यायला पाहिजे आणि ती बदलून देणारा कारागीर बेळगाव-खानापूरच्या टप्प्यात असायला पाहिजे. म्हणून यंत्र शोधायच्या आधी कारागीर शोधा. दुरुस्तीच्या दुकानात जाऊन विचारा: या मॉडेलची बॅटरी मिळेल का, बसवायचे किती घेणार? तो आकडा विक्रेत्याच्या किमतीत मिळवा. जी बेरीज येईल ती तुमच्या आयपॉडची खरी किंमत. 'नवीन बॅटरी घातलीय' असं जाहिरातीत लिहिलं असलं तरी ती बेरीज करायचीच. का, ते पुढं येईल.

आयपॉड क्लासिक हे नाव 2007 साली आलं. शेवटचं 160 जीबीचं मॉडेल 2009 चं, आणि कंपनीनं क्लासिक बंद केला 2014 च्या सप्टेंबरात. आयपॉडचेच दुसरे प्रकार, नॅनो आणि शफल, 2017 मध्ये गेले, टच 2022 च्या मे महिन्यात. म्हणजे आज तुम्हाला दिसणारा सगळ्यात तरुण क्लासिकसुद्धा दहा वर्षांच्या पुढचा आहे. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते, आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर लवकर होते. त्यामुळं 'अजिबात न वापरलेला, पेटीबंद' असं कोण म्हणालं की मी खूश होत नाही, उलट दोन प्रश्न जास्त विचारतो.

'ए ग्रेड' हा शिक्का कुठल्या एका ठरलेल्या नियमानं मिळत नाही. प्रत्येक विक्रेत्याची पट्टी वेगळी, आणि ती बहुतेक वेळा वरच्या रंगरूपाची असते. बाजारात जुने आयपॉड लॉटनं येतात. त्यातले चालू तुकडे जुळवायचे, मागं नवीन चकचकीत धातूचं कव्हर आणि पुढं नवीन पत्रा लावायचा, स्वस्तातली बॅटरी टाकायची आणि फोटो काढायचे, एवढ्यावर बरीच कामं उरकतात. माझ्या टेबलावर दोन आयपॉड ठेवले, एक ओरखडे पडलेला मूळ कव्हरचा आणि एक आरशासारखा, तर मी ओरखडेवाला उचलीन. तो निदान स्वतःचा इतिहास लपवत नाही. क्लासिकचं कव्हर आतल्या पत्र्याच्या खिट्ट्यांनी घट्ट बसलेलं असतं आणि उघडायला फार अवघड. कडेची रेघ वाकडी असेल, फटीत नख जात असेल, तर तो कोणीतरी घाईनं उघडलाय असं समजा. आत काय बदललं हे त्याला विचारा. नीट सांगता आलं नाही तर पुढं जा.

अजून एक छोटी खूण. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'मध्ये मॉडेल क्रमांक असतो. त्याचं पहिलं अक्षर एम असेल तर यंत्र मूळचं नवीन म्हणून विकलेलं, पी असेल तर नाव कोरून घेतलेलं, एफ असेल तर कंपनीनंच दुरुस्त करून विकलेलं, एन असेल तर वॉरंटीत बदलून दिलेलं. 'कंपनी रिफर्बिश्ड' म्हणणाऱ्याला हे अक्षर विचारा. त्याच पानावर एकूण जागा दिसते. मागं 160 कोरलंय आणि आत 80 दिसतंय, म्हणजे कव्हर एकाचं आणि पोट दुसऱ्याचं.

आता डिस्कचं. क्लासिकच्या आत फिरणारी छोटी हार्ड डिस्क असते, 1.8 इंचाची. हीच त्याची मोठी दुखरी जागा, आणि गंमत म्हणजे हीच गोष्ट तुम्ही दुकानात उभ्या उभ्या तपासू शकता. वरची होल्डची कळ एकदा सरकवून परत आणा. मेन्यू आणि मधलं बटण एकदम दाबून धरा. ॲपलचं चिन्ह दिसलं की ते सोडून लगेच मधलं आणि डावीकडचं, म्हणजे मागच्या गाण्याचं, बटण दाबून धरा. साध्या अक्षरांचा एक पडदा येतो. त्यात मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे आकडे, असं जायचं. इथं चाक फिरवून सरकत नाही, पुढची-मागची बटणं वापरा. जे आकडे दिसतात त्यातले दोन बघा. 'रीअलॉक्स' म्हणजे डिस्कनं खराब ठरवून बाजूला टाकलेल्या जागा, आणि 'पेंडिंग सेक्टर्स' म्हणजे खराब व्हायच्या वाटेवरच्या. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. पेंडिंगमध्ये शून्याच्या वर काहीही दिसलं तर ती डिस्क धरून चालू नका. चालू तासही तिथंच कळतात. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडं याच पडद्याचा फोटो मागा. 'असलं काय नसतंय' म्हणणारा विक्रेता एक तर अडाणी आहे नाही तर बेरकी, आणि दोघांकडूनही घेऊ नये. बाहेर यायला परत मेन्यू आणि मधलं बटण दाबून धरा. कानाजवळ धरूनही ऐका: गाणं बदलताना हलका घुर्र आवाज चालेल, टक-टक चालणार नाही.

आजकाल बरेच जण ही डिस्क काढून तिथं ॲडॅप्टर आणि मेमरी कार्ड बसवतात. काम चांगलं आहे. आत फिरणारं काही राहत नाही, यंत्र हलकं होतं, बॅटरी जास्त टिकते, आणि चोर्ला घाटाच्या खड्ड्यांत गाडी आदळली तरी गाणं अडखळत नाही. डिस्क गेल्यामुळं आत जागा होते, म्हणून थोडी जाड बॅटरीही बसते. खरं यात फसवणुकीला वाव दुप्पट. वरचा स्मार्ट डेटा इथं काही सांगत नाही. बनावट कार्ड 256 जीबी दाखवतं आणि आत 32 जीबीच असतात. पहिली काही गाणी छान वाजतात, त्यापुढची नुसती नावं उरतात. कार्ड भरून तपासणारी फुकट साधनं आहेत, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री. बसवायच्या आधी कारागिराला ती चालवायला सांगा. आधीच बसवलेलं घेत असाल तर यंत्र गळ्यापर्यंत भरून शेवटची गाणी वाजवून बघा. आणि एक तांत्रिक मेख लक्षात ठेवा: 2009 च्या आधीच्या 80 आणि 120 जीबीच्या क्लासिकवर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर साधारण 128 जीबीच्या पुढची जागा ओळखत नाही. त्या मॉडेलात '256 जीबी' विकत असेल तर रॉकबॉक्स घातलंय का ते विचारा. रॉकबॉक्स हे फुकटचं पर्यायी सॉफ्टवेअर आहे. ते फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेल्या गाण्यांच्या फाइलीसुद्धा वाजवतं, ज्या मूळ आयपॉड वाजवत नाही.

बॅटरीकडं वळू. 'नवीन बॅटरी' म्हणजे कारखान्यातून कालच निघालेली असं नाही. कंपनीची मूळ बॅटरी आता मिळत नाही, मिळते ती दुसऱ्या कोणीतरी बनवलेली, आणि तिच्यावरचा एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा छापायला पैसे पडत नाहीत. पातळ कव्हरच्या, मूळ डिस्क असलेल्या क्लासिकमध्ये तीन हजार एमएएचची बॅटरी आहे असं कोण म्हणाला तर ती मावणारच नाही, एवढं साधं गणित आहे. खरी परीक्षा एकच: पूर्ण चार्ज करा, पडद्याची बत्ती बंद ठेवा, आवाज मध्यम ठेवा, यादी लावून रात्रभर वाजू द्या. कंपनीनं 2009 च्या क्लासिकला 36 तास सांगितले होते. जुन्या यंत्रानं त्याच्या निम्मे दिले तरी मी समाधानी असतो. पडद्यावरची बॅटरीची खूण निम्म्यावरून एकदम लालवर उडी मारत असेल तर बॅटरी संपलीय. पडद्यावर पांढरट डाग, मागचं कव्हर किंचित फुगलेलं, टेबलावर ठेवलं की डुगडुगतं, हे सगळं फुगलेल्या बॅटरीचं लक्षण. ते विकत घेऊ नका, चार्जिंगला लावू नका, आणि स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू तर अजिबात नका.

याच कारणानं पहिल्या पिढीचा नॅनो स्वस्तात दिसला तरी सोडून द्या. 2005 च्या सप्टेंबरपासून 2006 च्या डिसेंबरपर्यंत विकलेल्या त्या नॅनोंच्या बॅटऱ्या तापत होत्या म्हणून कंपनीनं 2011 साली ते बदलून द्यायची जगभर मोहीम काढली होती. बाकीचे नॅनो पटकन सांगतो. सातव्या पिढीचा मोहक आहे, ब्लूटूथ आहे, एफएम आहे, खरं पडदा चिकटवलेला आणि बॅटरी डाखलेली, म्हणजे सोल्डर केलेली. उघडताना पडदा गेला की सगळंच गेलं. सहाव्याचं वरचं बटण अडकतं. शफलला पडदा नाही, तासाभराच्या कीर्तनात नेमकं ठिकाण शोधायला तो कामाचा नाही, आणि तिसऱ्या पिढीच्या शफलला तर बटणं इअरफोनच्या वायरवर असतात, तो इअरफोन हरवला की हात बांधले. टच घेणार असाल तर आधीच्या मालकानं स्वतःचं खातं काढून टाकलंय हे समोर बसून बघा. 2013 पासून त्यात ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याशिवाय यंत्र सुरूच होऊ न देणारं कुलूप आहे, आणि लॉक असलेला टच पेपरवेट म्हणूनच वापरायचा.

आता तुमच्यासाठी काय. आधी घरातला जुना फोन काढा. सिम नसलेला, हेडफोनचा जॅक आणि मेमरी कार्डची जागा असलेला अँड्रॉइड कुठंतरी पडलेला असतोच. त्याची बॅटरी बदलून घ्या, विमान मोडवर टाका. कॉल येऊन वाजणार नाही, रेंजची गरज पडणार नाही, तालीम रेकॉर्ड होईल, तानपुऱ्याचं ॲपही चालेल. हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि 'फोन नको' या तुमच्या तक्रारीतली सिमची अडचण गेली की बाकी फारसं उरत नाही. नकोच असेल तर कार्ड घालता येणारा छोटा साधा प्लेअर घ्या. जुन्यात सॅनडिस्कचा क्लिप प्लस हा मला आवडता: कार्ड लागतं, माइक आहे, एफएम आहे, रॉकबॉक्स चालतं, शर्टाला अडकवता येतो. बॅटरी डाखलेली आहे, खरं सोल्डरिंग जमणाऱ्याला ते काम अवघड नाही. क्लासिकला माइक नाही, एफएम नाही. तुमचा तालमीचा मुद्दा तिथंच अडतो. सोनीचा जुना वॉकमन चांगला वाजतो, मात्र टाइप-सी यायच्या आधीच्या ए मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांना स्वतःची वेगळी वायर लागते. वायर सोबत नसेल तर ती शोधण्यात जीव जातो.

रेडिओसाठी एफएम हवं असेल तर एक सांगून ठेवतो. मध्यम लहरींवरचं प्रक्षेपण या यंत्रांत लागत नाही, आणि एफएमसाठी इअरफोनची वायर हाच अँटेना असतो. वायर न जोडता रेडिओ शोधत बसू नका.

तरीही क्लासिकच घ्यायचा असेल, आणि मोठा संग्रह असणाऱ्याला तो मोह होतो हे मला कळतं, तर त्याचे दोन गुण तुमच्या उपयोगाचे आहेत. एक, खालच्या 30 पिनांच्या जोडणीतून लाइन-आउट, म्हणजे यंत्राच्या आवाजाच्या पातळीवर न ठरणारा सरळ सिग्नल मिळतो. त्याची वायर घेऊन देवळातल्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला लावली तर हेडफोनच्या जॅकपेक्षा स्वच्छ आवाज येतो, आणि कोणी चुकून आयपॉडचा आवाज वाढवला तरी फरक पडत नाही. वाजवताना चार्जर मात्र काढून ठेवा, स्वस्त चार्जर लावला की स्पीकरमधून गुणगुण येते. दोन, लांब ध्वनिमुद्रणं. सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा तास-तासभराचा कार्यक्रम असो की दीड तासाचं कीर्तन, आयट्यून्समध्ये, म्हणजे ॲपलच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या फाइलच्या पर्यायांत जाऊन 'जागा लक्षात ठेव' आणि 'शफलमध्ये वगळ' या दोन खुणा करा. मग अर्ध्यावर थांबवलेलं निरूपण तिथूनच पुढं सुरू होतं. ही सोय बऱ्याच स्वस्त प्लेअरांत नसते.

गाणी भरण्याचं मात्र आधी समजून घ्या. मूळ सॉफ्टवेअर असलेल्या आयपॉडमध्ये पेन ड्राइव्हसारख्या फाइली ओढून टाकल्या तर जागा भरते, गाणी दिसत नाहीत. आयट्यून्समधूनच टाकावी लागतात. आधीचा मालक मॅकवाला असेल तर विंडोजवर एकदा रिस्टोअर करावं लागेल, म्हणजे आतलं सगळं पुसलं जाईल. आणि नावं रोमनमध्ये लिहा. देवनागरी किंवा कन्नड नाव घातलेली एक-एक फाइल आधी टाकून बघा. जोडाक्षरं फुटली किंवा चौकोन दिसले तर अख्खा संग्रह परत नाव बदलत बसावा लागतो.

घ्यायचं कुठं? शक्यतो समोरासमोर, हातात घेऊन. इअरफोन खिशात घालून जा. जॅकमध्ये पिन हळू फिरवा, एक कान बंद पडत असेल तर जॅक गेलाय. क्लासिकमध्ये जॅक आणि होल्डची कळ एकाच पट्टीवर असतात, ती पट्टी बदलता येते, खरं भाव त्या हिशेबानं पाडून घ्या. जॅकमध्ये टॉर्चचा उजेड टाकून बघा. हिरवट दिसलं तर पाणी किंवा ओल आत गेलीय. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात वापरलेल्या यंत्रांत मी हे नेहमी बघतो, आणि ते घासून काढलं तरी पुढच्या पावसाळ्यात परत उगवतं.

कोल्हापूर किंवा पुण्याहून मागवणार असाल तर परतीचा विचार करा. कोल्हापूर बेळगावपासून शंभर किलोमीटरच्या वर आहे. 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणून आठ दिवस दिले आणि नवव्या दिवशी बॅटरी बसली, तर जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेला दिवस मिळून बचत राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरच संपते. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल, अनुक्रमांक आणि बॅटरी-डिस्कची वॉरंटी लिहून घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दुकान महाराष्ट्रात असलं म्हणून तिकडं खेटे घालायला नकोत. वस्तू पाच लाखांच्या आतली असेल तर शुल्कही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. मात्र हे दुकानदाराच्या बाबतीत. ओएलएक्सवर एखाद्या घरगुती माणसाकडून जुनी वस्तू घेतली तर हा कायदा कामी येत नाही, तिथं जे बघाल तेच खरं.

तिथल्या एका जुन्या सापळ्याची आठवण करून देतो. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, सामान स्वस्तात काढतोय, आधी थोडे पैसे टाका, पार्सल पाठवतो.' बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कॅम्प आहे, त्यामुळं आपल्या माणसांना हे पटकन खरं वाटतं. ओळखपत्राचा फोटो पाठवला म्हणून माणूस खरा ठरत नाही. वस्तू बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. आणि पैसे परत करतो म्हणून कोण यूपीआयचा पिन टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला कळवा.

यंत्र घेतल्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा.